कॉम्प्युटरच्या पाठीवरची भोकं: कुठे काय खुपसायचं आणि का

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यातले जुने कॉम्प्युटर एकेक करून माळ्यावर चाललेत आणि नवे जुळवून घेतले जातायत. नवा डबा घरी आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला फोन येतो. आजवर एकाही फोनमध्ये प्रोसेसरची तक्रार निघालेली नाही. 'आवाजच येईना', 'पेनड्राइव्ह लई हळू चालायलाय', 'नेट तीनशेचं घेतलंय, येतंय नव्वद', असलंच काहीतरी असतं.

मामेभावाचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. डिझाइनच्या कामासाठी त्याने वेगळं ग्राफिक्स कार्ड घालून मशीन बनवून घेतलं. संध्याकाळी त्याचा फोन. "अरे, पंखे फिरायलेत, लाइटी लागल्यात, पण स्क्रीनवर नुसतं नो सिग्नल. बिघडलेलंच मशीन गळ्यात मारलं का काय मला?" मी गेलो. टेबल भिंतीला चिकटवलेलं, डब्याची पाठ भिंतीकडे. मोबाइलचा टॉर्च लावून, मान वाकडी करून पाहिलं, तर स्क्रीनची एचडीएमआय केबल वरच्या बाजूच्या भोकात होती. ती काढून चार बोटं खाली, आडव्या बसवलेल्या कार्डाच्या भोकात लावली. स्क्रीन आली.

"दोन्ही भोकं सारखीच तर दिसायलीत की!" तो म्हणाला.

खरंच सारखी दिसतात. फरक असतो तो भोकामागच्या रस्त्यात, आणि तो बाहेरून दिसत नाही.

ही पट्टी असते तरी काय

आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणायची पद्धत आहे. चालायचंच. खरा सीपीयू म्हणजे आतली हिशेब करणारी चिप, प्रोसेसर. डबा उघडला तर आत एक मोठी सपाट पाटी दिसते, तिच्यावर सगळं जोडलेलं असतं. तो मदरबोर्ड. त्याची एक कड डब्याच्या मागच्या बाजूने बाहेर डोकावते आणि त्या कडेवर यूएसबी, एचडीएमआय, नेटची खाच, आवाजाची गोल भोकं, अशी सगळी तोंडं ओळीने असतात. हीच ती पट्टी. अशा प्रत्येक तोंडाला पोर्ट म्हणतात.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आवाजासाठी साउंड कार्ड वेगळं विकत घ्यावं लागे, नेटसाठी लॅन कार्ड वेगळं. आता दोन्ही बोर्डावरच येतं. म्हणून 'आतच आहे की, वेगळे पैसे कशाला' हे वाक्य दुकानात ऐकू येतं आणि ते बरोबरही आहे. फक्त 'आत आहे' म्हणजे नक्की किती आणि कसलं आहे, हे बोर्डागणिक बदलतं. रॅम नंतर वाढवता येते, हार्ड डिस्क बदलता येते. पट्टी मात्र बोर्डाबरोबर जशी येते तशीच राहते.

या पोर्टांमागे एक महत्त्वाची चिप असते, चिपसेट. सोलापूरकराला ती समजवायची तर होटगी जंक्शन म्हणावं. विजापूरकडून येणारी गाडी आणि वाडीकडून येणारी गाडी, दोन्ही होटगीला एकत्र येतात आणि तिथून सोलापूरला पोचतात. सोलापूर म्हणजे प्रोसेसर. बरेचसे यूएसबी, नेट, आवाज, जादा हार्ड डिस्का हे सगळे चिपसेटच्या होटगीवर जमा होतात आणि पुढे एकाच मार्गाने प्रोसेसरकडे जातात. काही पोर्टांना मात्र होटगीला न थांबता थेट सोलापूर गाठायची सोय असते. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्क्रीनची केबल: सगळ्यात जास्त चुकणारी

बोर्डावर एचडीएमआयचं भोक आहे म्हणून त्यातून चित्र येईलच असं नाही. ते भोक नुसता दरवाजा आहे. चित्र तयार करणारा कारागीर प्रोसेसरच्या आत बसलेला असतो आणि काही प्रोसेसरांत तो नसतोच. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही. एएमडीचा रायझन ५ ५६०० घेतला तर ग्राफिक्स नाही, ५६००जी घेतला तर आहे. एका अक्षराचा फरक. रायझन ७००० पासून बहुतेकांत कामचलाऊ ग्राफिक्स आलं, पण तिथेही 'एफ' दिसला तर नाही समजायचं.

मामेभावाचा प्रोसेसर 'एफ'वालाच निघाला. वरच्या दरवाज्यामागे माणूसच नव्हता, तर दार कोण उघडणार? प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असतं तर कदाचित याहून वाईट झालं असतं. स्क्रीन आली असती, काम त्या छोट्या कारागिराने कसंबसं केलं असतं आणि पंचवीस-तीस हजारांचं कार्ड नुसतं बसून राहिलं असतं. असे लोक मी पाहिलेत. वर्षभर 'गेम अडकतोय' म्हणत बसतात.

पट्टीवरचं व्हीजीए हे निळं, पंधरा पिनांचं पोर्ट १९८७ सालचं आहे. जुना मॉनिटर टिकवायचा असेल तरच त्याकडे बघा.

यूएसबी: नाव दोनदा बदललं, वेग तोच राहिला

यूएसबी १९९६ साली आलं. ते घडवणाऱ्या इंटेलच्या मंडळींत बडोद्याला शिकलेले अजय भट्ट होते. त्याआधी कीबोर्डला एक खाच, माउसला दुसरी, प्रिंटरला तिसरीच होती. त्यातली कीबोर्ड-माउसची गोल खाच अजूनही काही बोर्डांवर दिसते, जांभळी-हिरवी. यूएसबी एकाच बाजूने का बसतं, याचंही उत्तर भट्टांनी देऊन ठेवलंय: दोन्ही बाजूंनी बसवायचं तर तारा दुप्पट आणि खर्चही वाढणार. तिसऱ्या प्रयत्नात प्लग बसला की मला दर वेळी हे आठवतं.

आता वेग. यूएसबी २.० सन २००० चं, सेकंदाला ४८० मेगाबिट. इथे एक घोटाळा आधीच मिटवून टाकू. बिट म्हणजे आणे समजा, बाइट म्हणजे आठ आणे. कंपन्या वेग बिटांत सांगतात, आपली फाइल असते बाइटांत. म्हणजे ४८० ला आठाने भागायचं, कागदावर आले ६० मेगाबाइट, प्रत्यक्षात हाती पडतात तीस-चाळीस. सोळा जीबीची लग्नाची शूटिंग कॉपी करायला सात-आठ मिनिटं लागणार. यूएसबी ३.० आलं २००८ साली, ५ गिगाबिटचं (एक गिगाबिट म्हणजे हजार मेगाबिट), म्हणजे दहापटीच्या वर. तेच काम मिनिटाच्या आसपास, पण पेनड्राइव्ह तेवढा ताकदीचा असेल तरच. स्वस्तातला पेनड्राइव्ह निळ्या भोकात लावून वेगाची वाट बघणं म्हणजे नवीन हायवेवर बैलगाडी नेणं.

गोंधळ झाला तो नावांचा. ३.० ला पुढे '३.१ जेन १' म्हणायला लागले आणि मग '३.२ जेन १'. वेग तिन्हींचा ५ गिगाबिटच. म्हणजे खोक्यावर '३.२' छापलेला बोर्ड २००८ सालच्या वेगाचा असू शकतो. खोटं काही नाही त्यात, फक्त आपल्याला वाटतं तसं नाही. म्हणून दुकानात आकडा विचारायचा: पाच, दहा का वीस गिगाबिट? आता तर यूएसबीचे नियम ठरवणारी संस्थाच म्हणते की सरळ वेग लिहा.

रंगावर किती भरवसा ठेवायचा? काळं बहुधा २.०, निळं बहुधा ५ गिगाबिट. लाल, हिरवट-निळं वगैरे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने लावतात. त्यापेक्षा भोकात डोकावून बघा. २.० मध्ये चारच सोनेरी पट्ट्या असतात. ३.० मध्ये त्या चारांशिवाय आणखी पाच बारीक टोकं दिसतात. यातूनच एक गंमत होते. पेनड्राइव्ह अगदी सावकाश आत सरकवला तर कधीकधी पुढच्या चारच आधी टेकतात, कॉम्प्युटर '२.० आहे' असं धरून चालतो आणि वेग मरतो. काढून एका दमात घातला की पाचही पिना लागतात. ही युक्ती मी काकांना शिकवली तेव्हा 'अरे, हे तर जुन्या ट्यूबलाइटसारखं झालं' म्हणाले.

टाइप-सी हा फक्त आकार आहे, तो वेग सांगत नाही. तेच लंबगोल भोक एका बोर्डावर ५ गिगाबिट देईल, दुसऱ्यावर २०. मोबाइलला टाइप-सीमधून स्क्रीन जोडता येते म्हणून डेस्कटॉपच्या टाइप-सीलाही जोडता येईल असं धरू नका. बहुतेक बोर्डांवर ते जमत नाही.

'पुढचं यूएसबी चालत नाही, मागचं चालतं. बोर्ड खराब आहे का?'

बहुधा नाही. डब्याच्या पुढची भोकं बोर्डावर नसतात, डब्यावर असतात. तिथून आत एक वायर येते आणि ती बोर्डावरच्या पिनांना लावावी लागते. पुढच्या निळ्या यूएसबीची वायर चांगली जाडजूड, एकोणीस पिनांची असते. जुळवणारा घाईत असला की ती लावायची राहून जाते. लावताना एखादी पिन वाकते, तेही होतं. डबा उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

बाहेरची हार्ड डिस्क पुढच्या भोकात टकटक आवाज करत असेल तर तिला वीज कमी पडतेय. २.० चं पोर्ट नियमाने अर्धा अँपिअर देतं, ३.० चं ०.९. वर लांबलचक एक्स्टेन्शन केबल लावली की ती वीज आणखी घटते. डिस्क थेट मागे लावा.

आवाज: तीन रंग आणि एक हेडफोन

हिरवं भोक स्पीकर-हेडफोनचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घ्यायचं. हे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने १९९० च्या दशकाच्या शेवटी ठरवले, ते आजही टिकून आहेत. यूएसबीच्या रंगांपेक्षा यांच्यावर जास्त विश्वास ठेवता येतो.

आतल्या आत होतं काय? गाणं कॉम्प्युटरमध्ये आकड्यांच्या रूपात असतं. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे एका सेकंदाला ४४,१०० आकडे, तेही डाव्या-उजव्या कानासाठी वेगवेगळे. स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला कमीजास्त होणारी वीज लागते. हा अनुवाद करते बोर्डावरची कोडेक नावाची चिप, बऱ्याचदा रिअलटेकची. माइकचं उलटं: विजेचे आकडे करायचे. एवढीशी चिप, नखाएवढी, दुभाषा म्हणून दिवसभर बसलेली असते. सोलापुरात मराठी-कन्नड-तेलुगू तिन्ही बोलणारा दुकानदार असतो ना, तशी.

आता तक्रारी. सगळ्यात जास्त येणारी: नवीन मशीन, नवीन मॉनिटर, हिरव्यात स्पीकर लावलेला, तरी आवाज नाही. कारण एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. विंडोजला वाटतं आवाज मॉनिटरलाच द्यायचाय, आणि बऱ्याच मॉनिटरांना स्पीकर नसतो. खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन स्पीकर किंवा रिअलटेक निवडलं की झालं. मावशीने याच कारणासाठी नवीन स्पीकर विकत आणले होते.

दुसरी: मोबाइलचा इअरफोन डेस्कटॉपला लावला, ऐकू येतंय, पण समोरच्याला आपलं बोलणं जात नाही. भाच्याची ऑनलाइन मुलाखत होती, दहा मिनिटं आधी हे लक्षात आलं. मोबाइलच्या इअरफोनची पिन बघा: तिच्यावर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे चार तुकडे. डावा, उजवा, माइक आणि एक सामायिक. डेस्कटॉपच्या मागच्या हिरव्या-गुलाबी भोकांत तीनच तुकड्यांची जागा असते, त्यामुळे माइकचा तुकडा पोरका राहतो. शंभरेक रुपयांची दोनमुखी वायर मिळते, एक तोंड हिरव्यात, एक गुलाबीत. त्या दिवशी ती आणायला वेळ नव्हता, भाच्याने मोबाइलवरूनच मुलाखत दिली.

'बोर्डावरचा आवाज भंगार असतो, वेगळं साउंड कार्ड घ्या'

हे मत जुन्या काळातलं आहे आणि तेव्हा खरंही होतं. इंटेलने २००४ साली आवाजाची नवीन पद्धत आणली, त्यानंतर बोर्डावरचा आवाज खूप सुधारला. गाणी ऐकणं, मीटिंग, सिनेमा यासाठी तो पुरेसा आहे. घरी रेकॉर्डिंग करायचं असेल तर पैसे वेगळ्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसवर घालावेत. आतल्या साउंड कार्डापेक्षा ते बरं, कारण डब्याच्या आत विजेचा गोंगाट असतो आणि बाहेर तो कमी लागतो. खोक्यावर 'सोनेरी कपॅसिटर' वगैरे लिहिलेलं असतं, त्यासाठी मी एक रुपया जादा देणार नाही.

स्पीकरमधून सतत 'हूँऽऽ' असा आवाज येत असेल तर संशय आधी अर्थिंगवर घ्या. कॉम्प्युटर एका सॉकेटवर आणि स्पीकर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर असेल तर दोन अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तो ऑडिओ केबलमधून वाहायला लागतो. दोन्ही एकाच स्विचबोर्डावर लावून बघा.

आणि डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर सॉकेटमध्ये अर्थिंग पोचलेलंच नाही. डब्यातल्या वीजपुरवठ्यात गोंगाट गाळायला बारीक कपॅसिटर असतात, ते थोडी वीज पत्र्यावर सोडतात. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा साधारण शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगत राहतो. वीज अगदी थोडी, माणसाला झिणझिणी एवढंच. पण चालू मशीनला एचडीएमआय लावताना तोच फरक बारीक चिपवर पडला तर पोर्ट जळू शकतं. जुन्या पेठांतल्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. वायरमनला आधी बोलवा, मग कॉम्प्युटरवाल्याला.

नेट तीनशेचं, येतंय नव्वद

मामेभावाच्याच ऑफिसातली ही दुसरी तक्रार. कंपनीचा माणूस म्हणायचा राउटर ठीक आहे, दुकानदार म्हणायचा बोर्ड ठीक आहे. दोघंही बरोबर होते. दोष मधल्या केबलचा होता.

नेटच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० मेगाबिटच्या जुन्या पद्धतीला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. शंभरला न लागणाऱ्या जोडीतली एक तार तुटली तरी नेट बंद पडत नाही. दोन्ही टोकं गुपचूप शंभरवर उतरतात आणि हाती येतात ९४-९५. म्हणून नव्वदीत अडकलेला वेग दिसला की केबल बदला. आमच्या बाबतीत केबल लोखंडी कपाटाच्या पायाखाली चेपली होती.

बोर्डावर अडीच गिगाबिटचं पोर्ट असलं म्हणून घरचं शंभरचं नेट पळायला लागणार नाही. घरातल्या दोन कॉम्प्युटरांत मोठ्या फाइली इकडून तिकडे न्यायच्या असतील आणि मधला नेटवर्क स्विचही तेवढ्याच वेगाचा असेल, तरच त्याचा उपयोग.

वायफायवाल्या बोर्डाच्या खोक्यात दोन अँटेना येतात. त्या पिशवीतच राहतात आणि लोक म्हणतात वायफाय कमजोर आहे. डबा लोखंडी, त्याला अँटेनाशिवाय काय ऐकू येणार? ब्लूटूथही त्याच अँटेनांवर चालतं, म्हणून ब्लूटूथ माउस अडखळत असेल तरी तेच बघा. बिनतारी माउसचा छोटा रिसीव्हर मागच्या निळ्या यूएसबीच्या अगदी शेजारी असला तर तोही अडखळतो. यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये, म्हणजे माउसच्याच लहरींत सांडतो, हे इंटेलने २०१२ सालीच लिहून ठेवलंय. रिसीव्हर पुढच्या काळ्या भोकात लावा.

'जास्त भोकं म्हणजे चांगला बोर्ड ना?'

आता होटगीकडे परत येऊ. एएमडीच्या बी५५० चिपसेटचं उदाहरण घेऊ. तो प्रोसेसरला ज्या मार्गाने जोडलेला आहे त्यावरून सेकंदाला सुमारे ४ जीबी जाऊ शकतं. चिपसेटवर दहा पोर्ट असोत की वीस, पुढचा मार्ग तेवढाच. घरगुती वापरात हे जाणवत नाही, कारण सगळ्या गाड्या एकाच वेळी सुटत नाहीत. जाणवतं ते वेगळ्या ठिकाणी: कित्येक बोर्डांवर दुसऱ्या एम.२ (चपट्या डिस्कच्या) खाचेत वेगवान डिस्क लावली की हार्ड डिस्कची एक-दोन साटा पोर्टं बंद पडतात. रस्ता एकच, तो एकालाच मिळतो. जुनी हार्ड डिस्क 'अचानक मेली' म्हणून टाकून देणारे असतात, ती मेलेली नसते. मॅन्युअलमध्ये एका ओळीत हे लिहिलेलं असतं, इंग्रजीत, बारीक टायपात.

म्हणून बोर्ड घेताना आपल्याला काय-काय लावायचंय ते मोजा. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, वेबकॅम, बॅकअपची डिस्क, दुकानात बारकोड वाचणारं यंत्र. सहा झाली. स्वस्त बोर्डांच्या पट्टीवर एवढीच यूएसबी असतात, मग पेनड्राइव्हला जागा उरत नाही.

'एक पोर्ट गेलं, आता अख्खा बोर्ड बदलायचा?'

गरज नाही. लॅनचं पोर्ट जळलं तर काही शे रुपयांत यूएसबीवर लागणारं लॅन मिळतं, आवाजाचंही तसंच. यूएसबी कमी पडली तर कार्ड बसवता येतं. पण आधी पोर्टात काय आहे ते बघा. मामेभावाच्या ऑफिसातलं एक निळं यूएसबी चालेना म्हणून टॉर्च मारला, तर आत टॉवेलच्या सुताचं तूस, दाबून दाबून गादीसारखं बसलेलं. लूमची खोली शेजारीच. मशीन बंद करून, वायर काढून, लाकडी काडीने ते हळूच उपसलं. राखाडी रंगाची, नखाएवढी घट्ट गुठळी निघाली. तिच्यात एक गुलाबी धागा होता.

"हा आपल्या संक्रांतीच्या ऑर्डरचा," तो म्हणाला, आणि गुठळी खिडकीतून टाकून न देता टेबलावरच ठेवली.